नववीतल्या ताडमाडासाठी मजबूत लॉफ्ट बेड (मचाण) : कुरकुर न करणारा हवाय, मार्गदर्शन करा

लोकलकर | १२ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

डोंबिवलीत वन बीएचके. इमारत जुनी, नव्वदच्या दशकातली, विटांच्या भिंती. हॉलमध्ये आम्ही दोघं झोपतो, बेडरूममध्ये माझी आई आणि चिरंजीव. चिरंजीव नववीत गेलेत आणि वर्षभरात चार इंच वाढून ५ फूट ८ झालेत. जुन्या लोखंडी कॉटवर झोपला की घोट्यापासून पुढचे पाय गजांतून बाहेर. परवा मी पाणी प्यायला उठलो आणि अंधारात त्या पायांना अडखळून पडलो. मग घरात ठराव झाला की आता काहीतरी केलंच पाहिजे.

दुसरी मोठी कॉट टाकायला जागा नाही. खोली १० फूट बाय ९ फूट, त्यात कपाट, अभ्यासाचं टेबल, आईची कॉट. म्हणून उंच मचाण करून पोरगा वर आणि आईची कॉट खाली, असा विचार आहे. फरशीपासून स्लॅब ९ फूट २ इंच.

ओळखीत एकांकडे ऑनलाइन मागवलेला असा बेड बघून आलो. दिसायला देखणा, पण नुसता हात लावला तर झाडाच्या फांदीसारखा डोलत होता. त्यांचा मुलगा कुशीवर वळला की खालच्याला कळतं. आमच्याकडे खाली आई असणार. तिची झोप म्हणजे मांजरीची. पलीकडच्या खोलीत उंदीर शिंकला तरी जागी होते. शिवाय तिचं म्हणणं, "माझ्या डोक्यावर घोडं बांधताय, ते घोडं पडलं म्हणजे?"

तर प्रश्न असे, लाकडी करू की लोखंडी? किती जाडीचं? आणि मुख्य म्हणजे हलू नये, वाजू नये म्हणून काय करतात? सुताराला विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, हत्ती झोपवा." यापलीकडे काही सांगत नाही.

---

शेवंती | १२ एप्रिल, रात्री ११:४०

वाचतेय. आमचीही सहावीत आहे आणि हेच टुमणं लावून बसलीय.

एकच सांगते, वरच्या बेडची चादर बदलणं हा काय प्रकार असतो ते बेड बांधण्याआधी अनुभवून बघा. बहिणीकडे आहे. भिंतीकडची कड खोचायला स्वतः गादीवर चढावं लागतं, आणि ज्या गादीवर आपण बसलोय तीच उचलायची असते. तिने शेवटी फर्मान काढलं, ज्याची गादी त्याने चादर घालायची. महिनाभर चादर बदललीच गेली नाही.

---

वेल्डिंगवाला | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

लोखंडीच करा, डोळे मिटून. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. २० फुटी लांबीचं वजन साधारण १४ किलो भरतं. विकत घेताना वजन करूनच घ्या, कारण २ चा सांगून सव्वाचा गळ्यात मारणारे कमी नाहीत. वरून रंग झाला की जाडी कुणाला दिसते? सांधे पूर्ण गोल वेल्ड करायचे, नुसते टाके मारायचे नाहीत. मग ग्राइंडिंग, रेड ऑक्साइड, त्यावर रंग किंवा पावडर कोटिंग. दोन दिवसांचं काम आहे.

---

रंधापटाशी | १३ एप्रिल, सकाळी ९:३०

वेल्डिंगवाला, तुमचा मुद्दा मान्य, पण अख्खा वेल्ड केलेला साडेसहा फुटी सांगाडा डोंबिवलीच्या जिन्यातून वर नेणार कसा? म्हणजे तुकडे करून बोल्टने जोडणं आलं. आणि बोल्ट लावलेलं लोखंड लोखंडावर घासलं की जो आवाज येतो तो आजींच्या मांजरझोपेला चालणार नाही. पोकळ पाइप तंबोऱ्यासारखा घुमतो. वर पोराने मोबाइल ठेवला तरी खाली टण्‌ ऐकू येतं.

तीस वर्षं फर्निचरच्या धंद्यात आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, लाकूड घ्या. नवं सागवान परवडणार नसेल तर जुनं बघा. तुमच्याकडे रीडेव्हलपमेंटचा सुकाळ आहे. पाडकामातल्या दाराच्या चौकटी विकत मिळतात. बहुतेक ४ बाय अडीच इंच, ७ फूट उंच. तीस-चाळीस वर्षं मुरलेलं लाकूड, आता ना आकसणार ना पिळवटणार. फक्त चौकट रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला की रंध्याच्या पात्याचं वाटोळं.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र खांबाला, आडव्या पाट्यांना कुठेच नको. त्यात स्क्रू एकदा बसतो. काढून परत पिळला की भुसा होतो. तुमच्या ओळखीच्यांचा बेड डोलतोय त्याचं निम्मं कारण तेच असणार.

---

गुण्या | १३ एप्रिल, दुपारी १:२०

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

लोकलकर, "किती जाडीचं" हा प्रश्न सगळे आधी विचारतात. बेड वजनाने मोडत नाही हो. तुमचा मुलगा ६० किलोचा, गादी १५ किलो, दोन मित्र वर चढले, सगळं मिळून २०० किलो धरा. चार खांबांवर ते चिल्लर आहे. ४ बाय अडीचचा सागवानी खांब याच्या कितीतरी पट वजन घेतो. बेड खराब होतो तो *हलण्याने*. आज मिलिमीटरभर हलतो, त्याने बोल्टचं भोक रुंदावतं, मग दोन मिलिमीटर हलतो, असं करत वर्षभरात खिळखिळा.

काडेपेटी घ्या. आतला खण काढा आणि नुसतं बाहेरचं खोकं बोटांनी बाजूने दाबा. चपटं होतं ना? कागद कुठे फाटला नाही, कोपरे तेवढे वळले. चार खांब आणि चार आडव्या पाट्यांचा बेड म्हणजे हे रिकामं खोकं. आता खण परत आत घाला आणि दाबून बघा. जागचं हलणार नाही. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. म्हणून कुठेतरी तिरकं लाकूड किंवा पूर्ण भरलेली फळी पाहिजेच. खांब दुप्पट जाड केलेत आणि तिरकं काही दिलं नाहीत, तर जाडजूड डोलणारा बेड मिळेल.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी करा. पायांकडच्या बाजूला दोन खांबांच्या मध्ये १२ मिलिमीटरचा प्लाय खालपासून वरपर्यंत ठोका, ग्लू लावून, दर सहा इंचांवर स्क्रू. आडव्या दिशेचं डोलणं तिथेच संपलं. पुढच्या बाजूला खांब आणि लांब पाटीच्या कोपऱ्यात पंधरा इंचांचे तिरके टेकू. आणि मागचे दोन्ही खांब भिंतीला बांधा.

लांब पाट्या सहा इंच बाय दीड इंच, *उभ्या* लावायच्या. आडव्या लावल्यात तर ताठपणा १६ पटींनी कमी होतो. माझ्या हिशेबाने गादी आणि दोन मुलं धरून उभी पाटी मध्यावर मिलिमीटरभरही लवत नाही. तीच आडवी टाकली तर सेंटिमीटरच्या वर.

---

नागपुरी_संत्रं | १३ एप्रिल, दुपारी ३:०२

काडेपेटीचं उदाहरण भारी! ऑफिसात करून पाह्यलं, साहेब म्हणे काय चाललं बाप्पा.

पण तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता का हो लोकलकर? आमच्याकडे मे महिन्यात स्लॅबखाली तीन फुटांवर झोपणं म्हणजे तव्यावर पोळी. माझ्या भावानं पोरासाठी असाच बेड केला, एप्रिल ते जून पोरगा खाली फरशीवर. नऊ महिन्यांचा बेड आहे तो.

---

लोकलकर | १३ एप्रिल, रात्री १०:४८

सगळ्यांचे आभार. चार मजल्यांची इमारत आहे आणि आम्ही दुसऱ्यावर, त्यामुळे स्लॅब तापत नाही.

काडेपेटीचा प्रयोग आईलाही करून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "यात नवीन काय? आमच्या जोंधळ्यातल्या माळ्याला कधी सरळ पाय असायचे का?" आई मंगळवेढ्याकडची. लहानपणी पाखरं राखायला गोफण घेऊन शेतातल्या माळ्यावर बसायची. चारी मेढी खाली फाकवून पुरायच्या, वरच्या बाजूला जवळ, आणि मध्ये आडवे-तिरके बांबू काथ्याने आवळायचे. "सरळ पुरला तर वाऱ्यानं पहिल्याच दिवशी आडवा," असं म्हणाली. गुण्यासाहेब, तुम्हाला प्रतिस्पर्धी मिळाला आहे.

एक आनंदाची गोष्ट, आई आता या प्रकल्पात रस घ्यायला लागलीय. तिची उंची ४ फूट १०. खाली किती जागा मिळेल?

---

गुण्या | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

आजींना साष्टांग! पाय फाकवणं घरात जमणार नाही, कारण जागा खातात, पण तत्त्व तेच.

उंचीचा हिशेब असा. स्लॅब ११० इंचांवर. मुलगा अजून वाढणार, सहा फुटांचा होईल असं धरा. बसल्यावर माणसाची उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे त्याची ३७-३८ इंच. गादीच्या वर ४० इंच मोकळे सोडू. म्हणजे गादीचा माथा ७० इंचांवर. गादी ५ इंच, ती ज्या पट्ट्यांवर बसणार त्यांचा माथा ६५ वर, आणि लांब पाटी ६२ ते ६८ मध्ये. पाटीच्या खाली ६२ इंच, म्हणजे ५ फूट २ मोकळे. आजी ताठ उभ्या राहतील, चार बोटं वर उरतील. तुम्ही मात्र डोकं आपटणार. पुढच्या पाटीच्या खालच्या कडेला फोमची पट्टी लावा, मागून आठवण येईलच.

आणि रंधापटाशींची ७ फुटी चौकट म्हणजे ८४ इंच. गादीच्या वर १४ इंच उरतात. कठड्याला बरोब्बर. न कापता वापरा.

---

शेवंती | १४ एप्रिल, सकाळी ८:५५

थांबा, थांबा. पंखा?????

---

गुण्या | १४ एप्रिल, सकाळी ९:२०

शेवंतीताई, दंडवत. मी हिशेब करत बसलो आणि वर बघितलंच नाही.

लोकलकर, पंखा खोलीच्या मध्यावर आणि नेहमीचा ४८ इंची असेल तर मोजा. ९ फुटांची रुंदी म्हणजे १०८ इंच, मध्य ५४ वर. पातं २४ इंच. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३० इंचांवर फिरतंय. तुमचा बेड पाट्यांसकट ४० इंच रुंद. १० इंच पातं सरळ गादीच्या वर येतंय, आणि गादीपासून जेमतेम सव्वादोन फुटांवर. पोरगा झोपेत उठून बसला तर...

२४ इंची छोटा पंखा लावूनही टोक बेडच्या कडेपासून २ इंचांवरच येतं. आळस द्यायला हात वर केला की लागला. तो पर्याय खोडून टाका. छताचा पंखा उतरवा, जाळीवाले भिंतीवरचे पंखे दोन घ्या, एक वर, एक आजींना. आधी पंखे, मग बेड. हा क्रम उलटा करू नका, "आठवडाभर सांभाळून घेऊ" असंही नको.

---

लोकलकर | १४ एप्रिल, सकाळी ९:३१

टेप घेऊन मोजलं. टोक साडेएकोणतीस इंचांवर आहे. अंगावर काटा आला. शेवंतीताई, तुमचे उपकार कसे फेडू?

---

शेवंती | १४ एप्रिल, सकाळी ९:४४

चादर पोराला बदलायला लावा, फिटले.

---

स्टुटगार्टचा_बंड्या | १४ एप्रिल, दुपारी ४:३०

इकडे जर्मनीत याला होखबेट म्हणतात आणि घरोघरी असतो, कारण मुलांच्या खोल्या लहान. युरोपात या बेडसाठी ईएन ७४७ हे मानक आहे. गादीच्या वर कठडा निदान १६ सेंटिमीटर, आणि कठड्यातल्या फटी ६ ते साडेसात सेंटिमीटर. अमेरिकेत गादीच्या वर ५ इंच आणि फट साडेतीन इंचांहून मोठी नको. अंग फटीतून घसरून मान अडकू नये हा हेतू. सहा वर्षांखालच्यांना वर झोपवायचं नाही, हे दोन्हीकडे.

तुमच्याकडे १४ इंच कठडा आहे म्हणजे उत्तमच. फक्त पुढे मुलाने "गादी पातळ आहे, आठ इंची आणा" म्हटलं की कठडा तेवढाच बुटका होतो हे ध्यानात ठेवा. कठड्यावर आतून गादीच्या माथ्याची रेघ मारून ठेवा.

---

रंधापटाशी | १४ एप्रिल, रात्री ९:१५

बंड्याच्या फटीचा हिशेब बसवून देतो. लांब पाटी ६८ वर संपते. ३ इंच सोडून ५ इंची पट्टी, परत ३ इंच सोडून दुसरी ५ इंची. ८४ वर बरोब्बर संपलं.

---

स्टुटगार्टचा_बंड्या | १४ एप्रिल, रात्री ९:४०

३ इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. १ मिलिमीटरने नापास! :)

---

रंधापटाशी | १४ एप्रिल, रात्री ९:५२

पॉलिशचे चार हात दिले की होतो पास. हलके घे.

आता आवाजाबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि सगळे उंचीत रमलेत. लाकडी पलंग तीन ठिकाणी कुरकुरतो. पहिलं, पाटी आणि खांबाचा सांधा. पाटी नुसती खांबाला चिकटवून बोल्ट मारू नका. खांबाला अर्धा इंच खोल खाच पाडा आणि पाटी तिच्यात ठोकून बसवा. वजन खाचेवर येतं, बोल्टचं काम फक्त आवळून धरायचं. खाचेत मेणबत्ती घासा. दर सांध्याला दोन बोल्ट, एकाच्या वर एक. एकच मारला तर पाटी त्याच्याभोवती फिरते. बोल्ट १० मिलिमीटरचे, दोन्हीकडे मोठे वायसर आणि ढिला न होणारा नायलॉनवाला नट. स्क्रूवर भागवू नका. आणि लांब पाटीचे बोल्ट नि आखूड पाटीचे बोल्ट खांबात एकमेकांना आडवे येतात, म्हणून भोकं खालीवर पाडायची. हे विसरून खांब वाया घालवणारे भले भले सुतार मी पाहिलेत. एकदा स्वतःला पण.

दुसरं, गादीखालच्या पट्ट्या. तीन इंच रुंद, *पूर्ण एक इंच* जाड. पाऊण इंची स्वस्त पडतात, पण पोरगा गुडघ्यावर उभा राहिला की लवतात, आणि जे लवतं ते वाजतं. पाऊणवरून एक इंचावर आलात की ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो. मध्ये अडीच इंच सोडत गेलात की साडेसहा फुटांत १४ पट्ट्या बसतात. अख्खा प्लाय टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात गादीखाली बुरशी धरते. पट्टी जिथे टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. पंक्चरवाला फुकट देतो. बाजारात यासाठी महागड्या फेल्ट पट्ट्या मिळतात, पण ट्यूबला तोड नाही.

तिसरं, शिडी. ती मात्र बांधायच्या वेळी बोलू.

---

चाळकरी | १५ एप्रिल, सकाळी ६:५०

अवांतर. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. पोटमाळ्यावर मी आणि दोन काका. पोटमाळा भिंतीत घुसवलेल्या तुळयांवर होता, त्यामुळे हलायचा प्रश्नच नव्हता. दहावीचा सगळा अभ्यास तिथे पोटावर पडून केला, कारण बसलं तर डोकं लागायचं. खाली पाहुणे आले की शिडी काढून ठेवायचे. मग पाहुणे जाईपर्यंत वरचा वर.

तुमच्या मुलाला ४० इंच मिळताहेत. राजा आहे तो.

---

लोकलकर | २८ एप्रिल, रात्री ११:३०

प्रगती. शेजारच्या गल्लीत पाडकाम चाललंय, तिथून दोन चौकटी आणि एक मोठी तुळई मिळाली. चौकटींचे चार उभे तुकडे म्हणजे चार खांब. तुळई गिरणीत नेऊन चिरली, त्यात लांब आणि आखूड पाट्या निघाल्या. करवतीखाली गेल्यावर आतून जो पिवळा-सोनेरी रंग आणि वास आला, तो गिरणीतले लोकही थांबून बघत होते. लोहचुंबकाने एकूण ३७ खिळे काढले. अडतिसावा रंध्याला सापडला. रंधापटाशी, तुम्हाला शरण न जाता शहाणपणा केला त्याचं फळ. सुताराने त्या दिवशी चहा घेतला नाही.

चौकटीला दार बसायची खाच आणि बिजागऱ्यांचे खड्डे आहेत. ते भिंतीकडे वळवू की भरून घेऊ?

---

रंधापटाशी | २९ एप्रिल, सकाळी ७:४०

मागचे दोन भिंतीकडे वळवा. पुढच्या दोघांना त्याच लाकडाचे तुकडे ठासून भरा, रेषा उभ्याच ठेवून. लांबी (पुट्टी) भरून नाही, भुसा आणि फेविकॉल कालवूनही नाही. ते सहा महिन्यांत पडतं.

---

अडगळ | २९ एप्रिल, सकाळी १०:१२

मी नवी इमारत घेतलीय, अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. त्यात बसेल का हे भिंतीला बांधणं? की पोकळ आवाज येणाऱ्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत? माझ्याकडे दोन्ही आहेत.

---

गुण्या | २९ एप्रिल, दुपारी १:३०

काँक्रीटमध्ये उत्तम बसतं, फक्त हॅमर ड्रिल लागेल आणि सळई लागली तर भोक दोन इंच सरकवा, सळई कापू नका. पांढऱ्या हलक्या ब्लॉकमध्ये नेहमीचा पसरणारा फास्टनर आवळला की ब्लॉकच चुरतो. त्यासाठी लांब नायलॉनचे खास प्लग मिळतात, किंवा रसायन भरून बसवायचे अँकर. शंका असेल तर बेड स्वतःच्या पायावर ताठ उभा राहील असाच बांधा, म्हणजे दोन बाजूंना तिरकं लाकूड. भिंत फक्त टेकायला.

लोकलकर, तुमची लांब भिंत बाहेरची, ९ इंची आहे ना? मग विटेत भोक घ्या, दोन विटांच्या सांध्यात नको. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी आली तर सांधा. आणि खांबाच्या तळाशी स्कर्टिंगच्या टाइलला खाच घ्यायला विसरू नका. नाहीतर खांब खाली अर्धा इंच पुढे, वर भिंतीला चिकटलेला, आणि तुम्ही ओळंबा लावून डोकं धरून बसाल.

---

लोकलकर | २९ एप्रिल, दुपारी १:५५

स्कर्टिंग! तुम्ही घरात कॅमेरा लावलाय का?

---

वेल्डिंगवाला | ३० एप्रिल, सकाळी ७:०५

सगळे लाकडाकडे गेलात, असो. शिडी तरी लोखंडी करा.

---

रंधापटाशी | ३० एप्रिल, सकाळी ९:१०

शिडीही लाकडीच. रात्री अनवाणी पाय गोल पाइपवर पडला की तळवा दुखतो, आणि पोरं मग शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारतात. पायरी सपाट, चार इंच रुंद, दोन पायऱ्यांमध्ये दहा इंच. उभी शिडी नको, थोडी कलती. ७० अंश ठेवलीत तर फरशीवर दोन फूट पुढे येते. पायांकडच्या बाजूला लावा, म्हणजे उतरताना आजींच्या अंगावर पाय पडणार नाही. प्लाय तिथेच येतोय, त्यामुळे शिडी प्लायला टेकवून वर आखूड पाटीला बोल्ट. नुसती अडकवायची नाही. वरच्या पायरीजवळ खांब हाताशी येईल असं बघा. झोपेत उतरणाऱ्याला धरायला काहीतरी लागतं.

---

लोकलकर | २४ मे, रात्री १२:१०

झाला! फोटो टाकलेत.

पहिल्या दिवशी सुतार, मी आणि शेजारचे काका असे तिघे वर बसलो. गुण्यासाहेब, भिंतीला बांधायच्या आधी हलवून बघितलं होतं, लांबीच्या दिशेने थोडी हालचाल होती. टेकू लावल्यावर कमी झाली, मागचे खांब बांधल्यावर शून्य. आईने स्वतः खाली उभं राहून खांबाला खांदा लावून ढकलून पाहिलं. मग म्हणाली, "हां. आता झोप."

शिडी, पॉलिश, दोन पंखे धरून खर्च ३४ हजार. त्यातले सुताराची मजुरी १४ हजार.

आणि मी एक शहाणपणा केलाय, खांबांना खाली १४ इंचांवर दुसरी भोकं आणि खाचा आत्ताच पाडून घेतल्यात. पोरगा कॉलेजला बाहेर गेला की पाट्या खाली उतरवून साधा पलंग.

---

शेवंती | २४ मे, सकाळी ८:३०

फोटो दिसत नाहीयेत.

---

नागपुरी_संत्रं | २४ मे, सकाळी ८:४१

मलाही नाही. पण अभिनंदन बाप्पा!

---

लोकलकर | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

पावसाळ्याचा अहवाल द्यायचा राहिला होता. दोन महिने बेड एकदम गप्प. ऑगस्टमध्ये दमट हवेने बाथरूमचं दार फुगून लागायला लागलं, पण बेडला काही नाही. जुनं लाकूड. सगळे बोल्ट एकदा पान्याने बघितले, फक्त एक अर्धा वेढा फिरला.

शिडीची वरून दुसरी पायरी मात्र बोलायला लागलीय. बारीकसा कुईं आवाज. रंधापटाशी, काय करू?

---

रंधापटाशी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पायरी खाचेत सुटलीय. पातळ पाचर करून गोंद लावून ठोका, वर मेण. दहा मिनिटांचं काम.

---

लोकलकर | १८ ऑगस्ट, रात्री ११:१५

आई नको म्हणतेय. पोरगा रात्री दीड वाजता मोबाइल चार्जिंगला लावायच्या निमित्ताने खाली येऊन टेबलाशी बसतो, ते तिला त्या पायरीवरून कळतं. सगळा बेड गप्प करून घेतला तिच्यासाठी, आणि आता ही एक पायरी तिला वाजायला हवीय.

---

शेवंती | १८ ऑगस्ट, रात्री ११:२२

आजी +१.

---

अडगळ | ३ सप्टेंबर, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. मीही करतोय, काँक्रीटच्या भिंतीवर. बोल्टची लांबी किती घेतलीत? दुकानदार विचारतोय.

---

लोकलकर | ३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

लांब पाटीला ११० मिलिमीटर, आठ. आखूड पाटीला १५०, आठ. तुमचा खांब ४ बाय अडीच नसेल तर मात्र मोजून घ्या. खाच अर्धा इंच वजा करायची, वायसर आणि नटासाठी १५ मिलिमीटर धरायचे. दोन जास्तीचे घ्या. एक कपाटाखाली जातोच.